उतारपेठेची जकातदारीण

ऋजुता उकिडवेनं कसमापी पहिल्यांदा लावला तो सख्ख्या नवऱ्यालाच.

रविवारची दुपार होती. सांगलीत विश्रामबागेतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, ताटात वालाची उसळ, आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला. सुमंतनं पहिला घास घेतला, नीट चावला आणि गेली चोवीस वर्षं म्हणत आलाय तेच म्हणाला, "मीठ जरा कमी वाटतंय का गं?"

फोनवर आकडा उमटला. चार.

"शंभरपैकी?" सुमंतनं विचारलं.

आकडा बदलला. तीन.

"शंभरपैकीच," ऋजुता म्हणाली. "आणि घसरतोयस."

सुमंत हसला. तो जिल्हा परिषदेत पाणीपुरवठा खात्यात होता. असल्या गोष्टींवर हसायची त्याला सवय होती. मग त्यानं मिठाची बरणी पुढे ओढली आणि विषय संपला, म्हणजे त्याच्यापुरता संपला. ऋजुतानं मात्र फोन तिथून काढला नाही. त्या दिवसापासून घरात सुमंतनं तोंड उघडलं की पलीकडून आकडा यायचा. "दोन." "पाच." एकदा गॅस संपल्याचं सांगायला आला तर "एक" ऐकून गेला.

कसमापी हे यंत्र काही नवऱ्यांसाठी निघालं नव्हतं. ते निघालं होतं नवखंडातल्या सोंगाड्यांसाठी. आता नवखंड म्हणजे काय ते सांगणं भाग आहे, कारण ज्यांनी तो पाहिला नाही असे शहाणे लोक सन दोन हजार अडतीसमध्येसुद्धा शिल्लक आहेत.

नवखंड हा संगणकावरचा खेळ. सात नद्या, अकरा राज्यं, उडते सर्प, जादूगार, पडके किल्ले. ज्यांना सर्प मारायचे ते मारतात. पण एक जमात अशी आहे की तिला सर्पांशी काही देणंघेणं नाही. ती आत जाते सोंग घ्यायला. कोणी न्हावी होतो, कोणी राजकन्या होते, आणि त्या पात्राच्या तोंडून तासन्‌तास नुसतं बोलत बसतात, टाइप करून. पन्नाशीची माणसं. कामाधंद्याची. अशांच्या कंपूला फड म्हणतात. एका माणसाला एकच फड. कंपनी फडाला एक मोकळी जागा देते आणि तिथली घरं, पार, विहिरी फडानं खेळता खेळता उभ्या करायच्या असतात.

चांगला फड मिळायला ऋजुताला तीन वर्षं लागली होती. त्या तीन वर्षांत तिनं काय सोसलं ते तिच्याच तोंडून ऐकावं; ज्युनिअर कॉलेजात ती मराठी शिकवते, त्यामुळे तोंडाचा पट्टा चांगला चालतो. पहिल्या फडात चौदा जण, आणि चौदाही अनाथ राजपुत्र. सगळ्यांच्या आईबापांना एकाच राक्षसानं मारलेलं, सगळ्यांचा एक डोळा निळा. "अरे मेल्यांनो, मग भाजी कोण पिकवतंय?" असं विचारून ती बाहेर पडली. दुसऱ्या फडात शिरायला त्र्याऐंशी कलमांची नियमावली पाठ करावी लागे, आणि आत गेल्यावर त्या नियमावलीवरून भांडणं, एवढाच खेळ. तिसऱ्यात लग्नं. आठवड्याला दोन, मानपानासकट, आणि रुसवे मात्र खरे. चौथा फड बाकी छान होता. सगळे गोड बोलत, कोणाला घाई नसे, कोणी चिडत नसे. महिन्याभरानं कळलं की ती सोडून बाकी अकरा जण म्हणजे एकट्या लोकांना करमावं म्हणून कंपनीनं भरलेली यंत्रपात्रं होती. ते कळल्यावर तिनं लॅपटॉप असा मिटला की त्याची एक बिजागरी कायमची सैल झाली.

आणि मग पाचवा, उतारपेठ. काळवाही नदीचा एक घाट, घाटावर जकातनाका, आणि पाच माणसं. एक लोहार, एक शाहीर, पिंपळावरची एक हडळ, भिवा नावाचा नावाडी, आणि जकातदारीण कालिंदी. ही कालिंदी म्हणजे आपली ऋजुता. घाटावर उतरणाऱ्या प्रत्येकाकडून ती जकात घ्यायची आणि वर एक टोला द्यायची. लांबलांबच्या फडांतले लोक तो टोला खायला मुद्दाम उतारपेठेला यायचे. दर रविवारी चार ते सहा बैठक असे. सहा वाजले की पाचही जण भिवाच्या होडीत बसून पैलतीराला जात आणि तिथं बैठक मोडे, अशी तिथली रीत. होडीला पाच फळ्या होत्या, आणि प्रत्येकाची फळी ठरलेली.

आणखी एक नियम होता, तो ऋजुतानंच घातलेला. फडात बाहेरचं बोलायचं नाही. आपलं खरं नाव, गाव, नोकरी, आजारपण, काही नाही. अकरा वर्षं झाली, पण भिवा कोण, कुठला, बाई की बुवा, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं. ह्याला ती शिस्त म्हणायची.

कसमापी आला तो चांगले फड शोधायची सोय म्हणून. तो बनवणाऱ्यांचं म्हणणं सोपं होतं. दोन माणसांचं संभाषण यंत्राला द्या. पुढचं वाक्य काय येईल ह्याचे यंत्र हजारभर अंदाज बांधतं. आलेलं वाक्य जर पहिल्या पाचदहा अंदाजांत बसलं, तर त्यात नवल नाही. हजारात कुठंच बसलं नाही, तर नवल मोठं. पण नुसतं नवल काय कामाचं? लग्नाच्या पंगतीत एखादा अचानक आरवायला लागला तर तेही नवलच. म्हणून दुसरी पायरी. ते वाक्य आल्यावर यंत्र उलटं फिरतं आणि आधीचं सगळं बोलणं पुन्हा वाचतं, आणि ह्या एका वाक्यामुळे मागच्या बोलण्याला किती जास्त अर्थ आला ते मोजतं. कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं, पण आल्यावर वाटलं की दुसरं काही येऊच शकलं नसतं, असं वाक्य म्हणजे कस. नवल गुणिले चपखलपणा. शून्य ते शंभर. कल्पना खोटी नव्हती, आणि म्हणूनच ती एवढी महागात पडली. आपल्याकडे माणसाच्या हाती खरा आकडा पडला की तो त्याच्यापुढे विचार करायचं बंद करतो.

ऋजुतानं पहिल्याच रविवारी उतारपेठेला कसमापी लावला. त्या दिवशी उत्तरेकडच्या एका फडातून कोणी राजपुत्र आला होता, भगवी कफनी घालून.

भिवानं विचारलं, "कुणीकडं जायचं, महाराज?"

"पैलतीरी. तपाला."

"सामान काय हाय?"

"काही नाही. सर्वाचा त्याग केला."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही!"

आणि कालिंदी म्हणाली, "लिहून घे भिवा, त्याग दोन मण. जकात दुप्पट."

कसमापीनं कालिंदीला चौऱ्याण्णव दिले. भिवाच्या तिन्ही प्रश्नांना मिळून सहा. बैठक संपली तेव्हा पाचही जणांची सरासरी समोर आली. कालिंदी एक्क्याण्णव, हडळ चौपन्न, शाहीर अठ्ठेचाळीस, लोहार चाळीस आणि भिवा दोन.

ऋजुताबाई आकड्याकडे बघत राहिल्या. अकरा वर्षं! अकरा वर्षं आपण ह्या ढ माणसाबरोबर घाटावर बसलो! तो 'कुणीकडं जायचं' आणि 'काय हाय' ह्यापलीकडे कधी काही बोललाच नाही, हे त्यांना तेव्हा कुठे दिसलं.

सहाला चहा झाला. दर रविवारी चहा पिताना ती सुमंतला बैठकीतली मजा सांगायची. दोन मण त्याग ऐकून सुमंत ठसका लागेपर्यंत हसला आणि म्हणाला, "आणि मग? भिवा काय म्हणाला?"

"दोन," ऋजुता फोनकडे बघून म्हणाली. "भिवा काय म्हणणार? भिवा कधी काही म्हणतो का? तू आणि भिवा एकाच माळेचे मणी आहात."

त्याच आठवड्यात तिला नवरत्न फडाचं बोलावणं आलं. नवखंडात नवरत्नाचं नाव काढलं की लोक खुर्चीत सावरून बसत. पंच्याऐंशीच्या खाली तिथं प्रवेशच नाही. राजधानीत स्वतःचा महाल, बुधवारी आणि रविवारी बैठक, आणि त्यांचं बोलणं वाचायला हजारो लोक जमत. अडचण एकच होती. ती गेली की उतारपेठेत चार उरत होते. फडात पाच जिवंत माणसं हवीत अशी कंपनीची अट होती. ती मोडली की तीस दिवस वाट बघायची, आणि एकतिसाव्या दिवशी वस्तीचं जंगल करून टाकायचं. घाट, नाका, भट्टी, पिंपळाचा पार, सगळ्यावर झाडं.

"जाऊ नकोस, असं नाही म्हणत मी," सुमंत म्हणाला. "पण त्यांचं गाव जाईल ना."

"त्यांनी शोधावा की पाचवा. दोनवाला मिळेल कोणीही."

गेली ती गेली, पण नुसती गेली असती तर एक वेळ चाललं असतं. जाताना तिनं जकातनाक्याच्या भिंतीवर पाचही जणांचे आकडे लावले. शिकवायची सवय ना, निकाल लावल्याशिवाय चैन पडत नाही. बाहेरचं बोलायचं नाही हा नियम घालणारी ती, आणि बाहेरच्या यंत्राचा कागद आणून चिकटवणारीही तीच. मग कालिंदीनं नाक्याच्या किल्ल्या खुंटीला अडकवल्या आणि घाट उतरली.

"कुणीकडं जायचं, बाई?" भिवानं विचारलं.

"जिथं नावाडी प्रश्न विचारत नाहीत, तिथं."

एकोणनव्वद. ऋजुताचा ऊर भरून आला.  भिवाचा एकच शब्द आला, "बरं." त्याला कसमापीनं एक दिला.

आता नवरत्नाचं वैभव ऐका.

तिच्या पहिल्याच रविवारी महालाला आग लागली. म्हणजे गोष्टीतली आग. तशी बैठक ठरलेली होती. धूर निघाला. महामंत्री म्हणाले, "ही आग नव्हे. हा महाल आज पहिल्यांदाच खरं बोलतोय." त्र्याण्णव. राजकवी म्हणाले, "मी जळतोय की उजळतोय, ते उद्या राखेला विचारा." अठ्ठ्याऐंशी. सेनापती म्हणाले, "शत्रू आहे, पण पोशाख काय सुंदर आहे!" नव्वद. राणीसाहेबांनी आरशाला उद्देशून काही तरी सांगितलं, तेही नव्वदच्या वर गेलं. कालिंदी वाट बघत होती, की कोणी तरी कोणाला काही तरी विचारेल. विहीर कुठंय? आत कोण राहिलंय? निदान एखादा धावत येऊन "काय झालं?" म्हणेल! कोणी म्हणालं नाही. एकाच्या रत्नाची चमक जिरायच्या आत दुसऱ्याचं रत्न पडत होतं, आणि कोणी कोणाचं ऐकतही नव्हतं. चाळीस मिनिटांत महाल आठ रत्नांसकट जळून खाक झाला आणि पाण्याची एक बादली कोणी उचलली नाही. वाचणाऱ्यांनी टाळ्या पाठवल्या.

कालिंदीनं दोनदा तोंड उघडलं होतं. तिला मिळाले सत्तेचाळीस.

पहिला दिवस आहे, असं ती म्हणाली. बुधवारी बेचाळीस आले तेव्हा नेट नीट चालत नव्हतं. पुढच्या रविवारी एकोणचाळीस आले तेव्हा म्हणायला काही उरलं नाही. तीन आठवडे पुरे झाले आणि महामंत्र्यांचा निरोप आला. दोन ओळींचा, आणि अतिशय सभ्य. "आपला कस फडाच्या सरासरीला बाधक ठरत आहे. निरोप घेताना आम्हांस खेद होतो." खाली आकड्यांचा तक्ता जोडलेला होता. तिनं उतारपेठेच्या भिंतीवर लावला होता, अगदी तसलाच.

त्या संध्याकाळी ऋजुता जेवली नाही. सुमंत दाराशी येऊन विचारून गेला. तिनं आकडाही सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात रजा टाकून ती उतारपेठेच्या जुन्या बैठका वाचायला बसली. अकरा वर्षांचं सगळं बोलणं नवखंडात जपलेलं होतं. तिनं आपण निघालो तिथवरचं सगळं कसमापीतून काढलं आणि त्यातले आपले नव्वदच्या वरचे टोले वेगळे केले. तीनशे बारा निघाले. मग तिच्या डोक्यात आलं, की प्रत्येक टोल्याच्या आधीचं वाक्य कोणाचं होतं ते बघावं.

तीनशे बारांपैकी दोनशे सत्त्याऐंशी भिवाची होती.

"सामान काय हाय?" "काहीच न्हाई?" "म्हंजे कसं?" "परत सांगा, सरकार." एकेका ओळीला दोन, तीन, शून्य. पण तिनं पुन्हा एकदा वाचलं आणि मग तिला दिसलं. राजपुत्रानं "काही नाही" हे एकदा म्हटलं तेव्हा त्यात काही नव्हतं. भिवानं "काहीच न्हाई?" विचारलं, म्हणून तो फुशारून दुसऱ्यांदा म्हणाला, आणि तेव्हा कुठे त्या त्यागाचं वजन करता आलं. भिवा दर वेळी चेंडू उचलून तिच्या हाताच्या उंचीवर आणून ठेवत होता. यंत्र मारणाऱ्याला मोजत होतं. आणून ठेवणाऱ्याला मोजायचं यंत्र बनवणाऱ्यांना सुचलंच नव्हतं, आणि नवरत्नात आणून ठेवणारा कोणी नव्हता, कारण आणून ठेवणाऱ्याला पंच्याऐंशी कुठून पडणार?

निघतानाचा तो एकोणनव्वदचा टोलासुद्धा तिनं काढून बघितला. त्याच्या आधीची ओळ होती, "कुणीकडं जायचं, बाई?"

आता तुम्हाला वाटेल की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. छे! आधी त्यांना नवरत्नाचा राग आला, मग यंत्राचा, मग थोडासा भिवाचाही, की मेल्यानं इतकी वर्षं सांगितलं का नाही. शेवटी त्यांनी कॅलेंडर पाहिलं. उतारपेठ सोडून पंचविसावा दिवस चालू होता. अठ्ठाविसाव्या दिवशी रविवार. अजून गाव शाबूत होतं, आणि पाचवं माणूस म्हणून परत गेलं तर ते वाचणार होतं. झालं! बाईंचा चेहरा उजळला. त्या परत जाणार होत्या आणि गावावर उपकार करणार होत्या.

पुढचे तीन दिवस ती कालिंदीच्या पुनरागमनाची तयारी करत होती. सगळं तिला दिसत होतं. सहा वाजत आलेले असतील, फड होडीत बसायला निघालेला असेल. आपण घाटावर यायचं आणि अगदी साधं, भिवासारखं बोलायचं: "होडी मिळेल का?" भिवा दुसरं काय म्हणणार? "बसा. कुणीकडं जायचं, बाई?" आणि मग आपलं वाक्य. त्या वाक्यावर तिनं स्वयंपाकघरात येरझाऱ्या घातल्या, भाजी दोनदा करपवली, सात वेळा बदललं. शेवटचं रूप असं होतं: "परत. ज्या नदीनं मला उतरवलं तिच्याकडून जकात वसूल करायची राहिलीय." कसमापीला देऊन बघितलं. त्र्याण्णव.

ह्या गडबडीत तिला घरातल्या एकदोन गोष्टी दिसायला हव्या होत्या, त्या दिसल्या नाहीत. सुमंत गेले तीन रविवार जेवण झालं की मागच्या खोलीत जात होता, इस्त्रीच्या टेबलाशी. मॅच असेल, असं तिनं धरलं होतं. सैल बिजागरीचा जुना लॅपटॉप माळ्यावरून खाली आला होता. आणि हल्ली सुमंत तिला "आणि मग?" म्हणून विचारत नव्हता.

रविवारी पावणेसहाला तिनं नवखंड उघडलं. घाटावर ऊन उतरलेलं होतं. नाक्याच्या भिंतीवर तिचा कागद अजून होता; तो कोणी काढलाही नव्हता आणि त्यावर काही लिहिलंही नव्हतं. खालच्या अंगाला होडी पाण्यात उभी होती. लोहार बसला होता, शाहीर बसला होता, हडळ पाय सोडून बसली होती, भिवा वल्ह्यापाशी होता. आणि कालिंदीच्या फळीवर, मांडीवर गाठोडं घेऊन, कोणी एक हमाल.

त्यांचं बोलणं चालू होतं. ऋजुतानं मागचं वाचलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. हमालाला धड खेळताही येत नव्हतं. पहिल्याच दिवशी तो सगळ्यांना म्हणाला होता, "नमस्कार. मी नवीन आहे. मला यातलं काही कळत नाही, सांभाळून घ्या." नंतर लोहाराला विचारलं होतं की बाहेर तुम्ही काय करता, आणि लोहारानं चक्क सांगितलं होतं की मी परभणीला दातांचा डॉक्टर आहे. हडळ नाशिकची निवृत्त मुख्याध्यापिका निघाली होती. भिवा हिंगणघाटच्या बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचा, आणि त्याच्या थोरल्या भावाचं बायपास ह्याच महिन्यात झालं होतं, आणि ह्या हमालानं दर आठवड्याला त्याची चौकशी केली होती. अकरा वर्षांची शिस्त ह्या अडाण्यानं तीन आठवड्यांत धुळीला मिळवली होती! कसमापीनं त्याला सरासरी दोन दिले होते.

सहाला दोन मिनिटं कमी होती. ऋजुतानं बोटं मोडली आणि कालिंदीला घाटाच्या पायऱ्या उतरवून पाण्याशी आणलं.

"होडी मिळेल का?"

कसमापीनं तिला एक दिला. ती हसली. पुढचं वाक्य बोटांत तयार होतं.

 पण आधी हमालानं लिहिलं, "बाई, जेवून निघालात ना?" दोन. ऋजुतानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिची नजर भिवाच्या नावावर होती. त्याच्या नावाशी लिहीत असल्याची खूण उमटली, विझली, पुन्हा उमटली. बोल रे बाबा. बसा म्हण. कुणीकडं जायचं म्हण.

भिवानं लिहिलं, "होडी भरली, बाई."

कसमापी एरवी क्षणात आकडा देतो. ह्या वेळी तो घुटमळला. मागची अकरा वर्षं त्याला पुन्हा वाचायची होती. ज्या नावाड्यानं आजवर चोराला, खुन्याला, राजाला, कोणालाही नाही म्हटलं नव्हतं, त्याचं हे वाक्य हजार अंदाजांत कुठंच नव्हतं. आणि घाटावरचा तो कागद, तो दोनचा आकडा, ते 'बरं', सगळ्याचा अर्थ ह्या तीन शब्दांनी लागत होता. शिवाय ते खरंही होतं. पाच फळ्या, पाच माणसं.

नव्व्याण्णव.

वल्हं पडलं. होडी काठ सोडून निघाली. ऋजुताचं त्र्याण्णवचं वाक्य तसंच राहिलं. ते कोणाला म्हणायचं? गाव वाचलं होतं. आधीच वाचलं होतं, तीन आठवड्यांपूर्वी, आणि तिला कोणी सांगितलंही नव्हतं. तिनं हमालाचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. जेवून निघालात ना. हे वाक्य तिनं कुठे तरी ऐकलं होतं. कुठे तरी कसलं! रोज सकाळी साडेनऊला, कॉलेजला निघताना, चपला घालता घालता, ह्याच घराच्या दारात.

ती उठली. घर शांत होतं. मागच्या खोलीतून कळ दाबल्याचा आवाज येत होता, एक, मग थांबून दुसरी. दोन बोटांनी टाइप करणाऱ्याचा असतो तसा. ती दाराशी जाऊन उभी राहिली. इस्त्रीच्या टेबलावर तो सैल बिजागरीचा लॅपटॉप, मागून त्याला डब्याचा आधार, शेजारी भडंगाची वाटी. सुमंत चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून पडद्यात बघत होता, आणि हसत होता. असा हसताना तिनं त्याला बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. तिच्याकडे त्याची पाठ होती.

 ऋजुताकडे बोलायला शेकडो वाक्यं होती, त्यांतली चांगली पन्नास तरी नव्वदच्या वरची.  पण आयुष्यात पहिल्यांदा तिनं हळूच विचारलं, "आणि मग? भिवा काय म्हणाला?"

सुमंतनं मान वळवली नाही. एक हात नुसता वर केला.

"थांब गं जरा," तो म्हणाला. "नदीत आहे मी."